खोल समुद्रातले कृमी : एक जात दुसरीपासून वेगळी कशी ओळखतात

खोल समुद्राच्या तळावरचा चिखल बारीक चाळणीतून धुतला, की चाळणीत उरणाऱ्या जिवांमध्ये बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठी संख्या कृमींची असते. त्यांतले बरेचसे जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे, फिकट रंगाचे आणि चिखलात बीळ किंवा नळी करून राहणारे असतात. नुसत्या डोळ्यांना ते सारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एका नमुन्यातून डझनावारी वेगवेगळ्या जाती निघतात. त्या वेगळ्या करणे, त्यांना नाव देणे आणि त्यांचे आपसांतले नाते ठरवणे हे वर्गीकरणशास्त्राचे काम आहे. हिंदी महासागराच्या तळावरील खनिजांचा शोध भारत घेत असल्याने या कामाला आपल्या देशात विशेष महत्त्व आले आहे. तळावर कोणत्या जाती राहतात हे ठाऊक नसेल, तर खाणकामाने कोणत्या जाती नाहीशा होतील हेही सांगता येणार नाही.

कृमींचा हा संघ कोणता?

समुद्रतळावरचे हे कृमी प्रामुख्याने वलयी प्राण्यांच्या संघातले आहेत. शरीर एकामागून एक जोडलेल्या वलयांचे असणे, ही या संघाची खूण. पाचोरा परिसराच्या काळ्या शिवारात पावसाळ्यात वर येणारे गांडूळ आणि पाणवठ्यातली जळू हे याच संघातले प्राणी. गांडुळाच्या प्रत्येक वलयावर मोजकेच बारीक शूक, म्हणजे ताठ केस असतात. समुद्रातल्या त्याच्या नातेवाइकांच्या वलयांच्या दोन्ही बाजूंना मांसल पाय असतात आणि त्यांवर शुकांचे झुबके असतात. म्हणून त्यांना ‘बहुशूक’ किंवा पॉलिकीट म्हणतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात भेटणारा नेरीस हा बहुशूकच. बहुशुकांच्या अकरा हजारांहून जास्त जातींना आजवर मान्यताप्राप्त नावे मिळाली आहेत. खोल समुद्रातल्या बहुसंख्य जाती अजून या यादीबाहेर आहेत.

समुद्रशास्त्रात साधारणपणे दोनशे मीटरपेक्षा खालच्या भागाला खोल समुद्र म्हणतात. किनाऱ्यालगतचा उथळ मंच तिथे संपतो आणि तळ उताराने खाली जात चार ते सहा हजार मीटर खोलीच्या विस्तीर्ण मैदानांना मिळतो. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही, पाण्याचे तापमान शून्याच्या थोडेच वर असते आणि पाच हजार मीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे पाचशे पट होतो. अन्न म्हणजे वरच्या पाण्यातून झिरपत येणारे मृत जिवांचे कण. खानदेशातले पाणी गिरणेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. त्याच अरबी समुद्राच्या भारतीय उतारावर, साधारण दीडशे ते बाराशे मीटर खोलीच्या दरम्यान, प्राणवायू अतिशय कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. इतर अनेक प्राणी तिथे तग धरू शकत नाहीत. काही कुळांतले बहुशूक मात्र लांब, फांद्या फुटलेल्या कल्ल्यांच्या आधारे तिथेही राहतात.

अभ्यासाची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोल समुद्र निर्जीव असल्याची समजूत होती. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये सुमारे साडेपाचशे मीटरखाली जीवसृष्टी नसावी असे मत मांडले होते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने केलेल्या सफरीने ते कायमचे मोडून काढले. या सफरीतल्या बहुशुकांचा अहवाल विल्यम मॅकिंटॉश याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. खोल समुद्रातल्या अनेक जातींची पहिली वर्णने आजही त्याच अहवालात शोधावी लागतात.

भारताच्या समुद्रात ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने गोळा केलेले नमुने कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात जमा होत गेले. पिएर फॉवेल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या बहुशुकांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९५३ मध्ये भारतीय उपखंडातल्या बहुशुकांचा मोठा संदर्भग्रंथ लिहिला. दरम्यान १९३३–३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सीमोर सेवेल तिचे नेते होते.

स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. ती १९६५ मध्ये संपली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. खोल समुद्रतळाच्या जीवशास्त्राचे भारतातले मोठे काम याच संस्थेत झाले. बबन इंगोले यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्याच्या उतारापासून मध्य हिंदी महासागरापर्यंतच्या तळजीवांचा अभ्यास तिथूनच केला.

तळापासून टेबलापर्यंत

ओळखीचे काम प्रयोगशाळेत सुरू होत असले, तरी ते साधेल की नाही हे जहाजावरच ठरते. चिखलाचा नमुना घेण्यासाठी पोलादी पेटीसारखे यंत्र तारेने खाली सोडतात. ते तळात रुतले की खालून पाते फिरून पेटी बंद होते. पन्नास सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाचा, वरचा थर न विस्कटलेला ठोकळा वर येतो. पाच हजार मीटरवरून असा एक नमुना आणायला काही तास लागतात आणि पेटी अर्धवट बंद झाली तर सारे श्रम फुकट जातात.

चिखल चाळण्यासाठी उथळ समुद्रात सहसा अर्ध्या मिलिमीटरची चाळणी चालते. खोल समुद्रातले प्राणी लहान असल्याने तिथे ०.३ मिलिमीटरच्या आसपासची वापरतात. धुण्याचे पाणी थंडगार समुद्राचेच हवे. गोडे किंवा कोमट पाणी लागले, तर नाजूक शरीरे फुगून फुटतात. शक्य असेल तर जिवंत असतानाच प्राण्याचे छायाचित्र घेतात, कारण अल्कोहोलमध्ये रंग लवकर उतरतो. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून त्याला आधी शिथिल केले, म्हणजे तो आक्रसून वेटोळे करत नाही.

पुढची पायरी म्हणजे नमुना टिकवणे. फॉर्मेलिनमुळे शरीराचा आकार उत्तम राहतो, पण डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, पण शरीर आकसून ठिसूळ होते. त्यामुळे बऱ्याच मोहिमांत नमुन्यांचे दोन भाग करून दोन्ही पद्धती वापरतात. जुन्या संग्रहांतले बहुतेक नमुने फॉर्मेलिनचे असल्याने त्यांच्या डीएनएची तुलना नव्या नमुन्यांशी करणे फार अवघड जाते.

खोल समुद्रातले कृमी वर येताना तुटतात. एकाच प्राण्याचे तीन तुकडे तीन प्राणी म्हणून मोजले जाऊ नयेत, म्हणून मोजणीत फक्त डोक्याचे तुकडे धरतात. शेपटीकडच्या तुकड्यावरून पुष्कळदा कुळापलीकडे ओळख जात नाही.

ओळखीच्या खुणा

बहुशुकाची ओळख डोक्यापासून सुरू होते. डोक्याच्या टोकाचा आकार कसा आहे, त्यावर डोळे आहेत का, शृंगिका किती, स्पर्शक आखूड की लांब, हे आधी पाहतात. खोल समुद्रातल्या कित्येक जातींना डोळे नसतात, त्यामुळे उथळ पाण्यातली ही सोयीची खूण तिथे निरुपयोगी ठरते. नंतर तोंडातून बाहेर फेकली जाणारी घशाची सोंड पाहतात. ग्लिसेरिडी कुळात तिच्या टोकाला चार जबडे असतात. नेरीसच्या कुळात दोन मोठे जबडे आणि सोंडेवर बारीक दातांचे पुंजके असतात. कोणत्या भागात किती दात, यावरून त्या कुळातल्या जाती वेगळ्या करतात.

त्यानंतर शरीराच्या दोन्ही बाजूंचे पाय, म्हणजे पार्श्वपाद. पार्श्वपादाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात. कोणता भाग मोठा, कोणत्या वलयापासून कल्ले सुरू होतात, किती जोड्या कल्ले आहेत आणि ते साधे आहेत की पिसासारखे, याची नोंद होते. पॉलिनॉइडी कुळात पाठीवर खवल्यांसारखी झाकणे असतात. ही झाकणे सहज गळतात, त्यामुळे नमुना हाती येईपर्यंत बहुधा त्यांचे फक्त बुडखेच शिल्लक असतात आणि मूळ संख्या त्यांवरून काढावी लागते.

सर्वांत बारकाईने शूक तपासतात. काही शूक साधे, केसासारखे निमुळते असतात. काहींना मध्ये सांधा असतो. काहींचे टोक आकड्यासारखे वळलेले असते आणि त्यावर पारदर्शक टोपी असते. टोपीखालच्या आकड्याला दात किती, ते कोणत्या वलयापासून दिसू लागतात, हे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागते. स्पिओनिडी हे कुळ खोल समुद्रात विपुल आहे. त्यातल्या जाती बहुधा कल्ल्यांच्या जोड्या आणि टोपीदार आकड्यांची सुरुवात या दोन खुणांवर उभ्या असतात. या कुळातली ऑरोस्पिओ डायब्रँकिएटा ही जात कल्ल्यांच्या अवघ्या दोन जोड्यांवरून ओळखतात. काही कुळांत मिथाइल ग्रीन या रंगद्रव्याचाही उपयोग होतो. शरीरातल्या ग्रंथी तो रंग घेतात आणि वलयांवर उमटणारा हिरवा नक्षीपट्टा जातीगणिक वेगळा असतो.

या सगळ्या खुणा वापरायचे साधन म्हणजे ओळखकिल्ली. तिच्यात प्रत्येक पायरीला दोन पर्याय असतात. पाचोऱ्याहून निघालेल्या माणसाला प्रत्येक फाट्यावर एक रस्ता धरून मुक्कामाचे गाव गाठावे लागते, तसे अभ्यासक एकेका खुणेवर निर्णय घेत कुळ, वंश आणि शेवटी जात गाठतो. क्रिस्टियान फाउखाल्ड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली कुळे आणि वंश यांची किल्ली जगभरच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरात राहिली. किल्लीची एक मर्यादा मात्र कायम असते. तिच्यात नसलेली जात हाती आली, तर किल्ली ती सर्वांत जवळच्या परिचित नावाकडे नेऊन सोडते. त्यामुळे शेवटच्या पायरीवर पोचल्यावर मूळ वर्णन आणि मूळ नमुना यांच्याशी तुलना करणे आवश्यक असते.

फसवणारी रूपे

एकच जात दोन रूपांत दिसल्याने पूर्वी मोठे घोटाळे झाले. नेरीसच्या काही जातींमध्ये प्रजननाच्या वेळी डोळे मोठे होतात, मागच्या पार्श्वपादांना वल्ह्यासारखा आकार येतो आणि तळावर राहणारा प्राणी पोहत वर येतो. हे रूप इतके निराळे असते, की एकोणिसाव्या शतकात त्याला हेटेरोनेरीस असे वेगळ्या वंशाचे नाव मिळाले होते. तो नेरीसचाच प्रजननकाळातला अवतार आहे, हे नंतर उलगडले.

खोल समुद्रातले ठळक उदाहरण ओसेडॅक्सचे आहे. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टरे दरीत सुमारे २,९०० मीटर खोलीवर एका देवमाशाच्या सांगाड्यावर हे कृमी दिसले आणि २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते हाडात मुळांसारखे अवयव रोवून अन्न मिळवतात. डोळ्यांना दिसणारे सगळे प्राणी माद्या होत्या. नर अतिसूक्ष्म असून मादीच्या नळीतच राहतात. नुसत्या बाह्यरूपावर विसंबले असते, तर नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे कळणे कठीण होते.

वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्यांवरही असेच घडले. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळच्या उष्णजल झऱ्यांवर दीड-दोन मीटर लांबीचे नळीवासी कृमी सापडले. रिफ्टिया पॅकिप्टिला या नावाने त्यांचे वर्णन १९८१ मध्ये झाले. प्रौढ प्राण्याला तोंड नाही, अन्ननलिका नाही. शरीरात राहणारे जिवाणू रसायनांपासून अन्न तयार करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सडपातळ नातेवाइकांसाठी पूर्वी स्वतंत्र संघ मानले जात होते. शरीराच्या मागच्या टोकाला असलेली शूकयुक्त वलये, अळीची वाढ आणि नंतर डीएनए यांवरून ते बहुशूकच असल्याचे सिद्ध झाले. आज त्यांचे स्थान सिबोग्लिनिडी या कुळात आहे. भारताजवळ याच कुळातले प्राणी बंगालच्या उपसागरात कृष्णा–गोदावरी खोऱ्यातल्या मिथेनगळतीच्या जागी सापडले आहेत.

डीएनएने काय बदलले?

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ओळखीला जनुकीय आधार मिळाला. पेशीतल्या तंतुकणिकांमधला सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून नमुन्यांची तुलना करतात. एका जातीतल्या प्राण्यांत हा तुकडा जवळपास सारखा असतो आणि जात बदलली की फरक ठळक होतो. एकाच तुकड्यावर निर्णय देणे धोक्याचे असल्याने त्याच्या जोडीला आणखी जनुके वाचतात आणि बाह्य खुणा पुन्हा तपासतात.

या पद्धतीमुळे पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्णन झालेल्या मार्फिसा सँग्विनीया या किनारी कृमीचे नाव पुढे भारतासह जगभरच्या नमुन्यांना लावले गेले. आता तिचा खरा वावर युरोपच्या किनाऱ्यापुरता असल्याचे आणि दूरदूरचे प्राणी निराळ्या जातींचे असल्याचे स्पष्ट झाले आहे. जुन्या ग्रंथांतली युरोपीय नावे भारतीय नमुन्यांना सरसकट लागू करता येत नाहीत, हा या उदाहरणाचा बोध. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. किनाऱ्यावर विश्वव्यापी जाती संशयास्पद ठरत असताना, खोल मैदानांतल्या प्रायोनोस्पिओ आणि ऑरोस्पिओ या वंशांतल्या काही जाती अटलांटिक आणि प्रशांत अशा दोन्ही महासागरांत असल्याचे डीएनएने दाखवले. खोल तळावर अडथळे कमी आणि अळ्या दूरवर वाहून जाणाऱ्या असल्या, तर एकच जात हजारो किलोमीटर पसरू शकते. म्हणून प्रत्येक जातीचा पसारा स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

नाव कसे पक्के होते?

नवी जात वाटली, की तिला आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार नाव द्यावे लागते. सविस्तर वर्णन, जवळच्या जातींपासूनचे फरक आणि चित्रे प्रसिद्ध करावी लागतात. एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून निवडून मान्यताप्राप्त संग्रहात ठेवतात. पुढे कधीही शंका आली, तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो. भारतात जैविक विविधता कायद्याखाली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांना असे अधिकृत संग्रह म्हणून मान्यता आहे. वर्णन होईपर्यंत अहवालांमध्ये ‘प्रायोनोस्पिओ जाती क्रमांक एक’ अशी तात्पुरती नावे येतात. एका प्रयोगशाळेतला ‘क्रमांक एक’ आणि दुसरीतला ‘क्रमांक एक’ यांचा काही संबंध नसतो. त्यामुळे दोन मोहिमांच्या याद्या जुळवताना मोठी अडचण येते.

भारताचे खनिजक्षेत्र आणि त्यातले कृमी

कन्याकुमारीच्या दक्षिणेला, विषुववृत्तापलीकडे मध्य हिंदी महासागराच्या तळावर, पाच हजार मीटरहून जास्त खोलीवर मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले खनिजगोटे पसरलेले आहेत. भारताच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने असे पहिले गोटे २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून वर काढले. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. त्यातले निम्मे पुढे परत करून उरलेल्या ७५ हजार चौरस किलोमीटरसाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी शोधाचा करार झाला. गोटे दशलक्ष वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. ते एकदा उचलले, की त्यांना चिकटून राहणाऱ्या प्राण्यांचा आधार कायमचा जातो, आणि उडालेला गाळ भोवतालच्या तळावर बसतो.

याचा परिणाम पाहण्यासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये सुमारे ५,३०० मीटर खोलीवर प्रयोग केला. रशियाच्या ‘युझमोरजिऑलॉजिया’ जहाजावरून खास यंत्र ओढून तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यातला तळ विस्कटला गेला. आधी आणि नंतर घेतलेल्या नमुन्यांची तुलना केल्यावर विस्कटलेल्या पट्ट्यात तळजीवांची संख्या घटल्याचे दिसले. इथल्या मोठ्या तळजीवांमध्ये बहुशुकांचा वाटा सर्वांत मोठा असल्याने त्यांच्या जाती अचूक ओळखता आल्या, तरच पुनर्वसनाचा खरा अर्थ कळतो. काही वर्षांनी एकूण संख्या पूर्वीइतकी झाली, पण जाती बदलल्या, तर मूळ जीवसमूह परतला असे म्हणता येत नाही.

किती काम बाकी आहे याची कल्पना प्रशांत महासागरावरून येते. तिथल्या क्लॅरियन–क्लिपर्टन या खनिजक्षेत्राचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नोंदलेल्या ५,५७८ जातींपैकी सुमारे नव्वद टक्के जातींना अजून नाव नाही. त्याआधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या खोल उतारावरील २३३ पेटीनमुन्यांतून ७९८ जाती निघाल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि त्यांत बहुशुकांचाच वाटा सर्वांत मोठा होता.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या खोल समुद्र मोहिमेत सहा हजार मीटरपर्यंत माणसे नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ या वाहनाबरोबर खोल समुद्रातल्या जैवविविधतेच्या अभ्यासाचाही समावेश आहे. तो यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रत्येक नमुन्याचा आकार आणि डीएनए दोन्ही टिकेल असे जतन, मूळ नमुने सर्व अभ्यासकांना पाहता येतील असे संग्रह, आणि शूक मोजण्याचे कसब शिकलेले वर्गीकरणतज्ज्ञ. यंत्रे आणि जहाजे विकत घेता येतात. कुळाकुळांतले फरक हाताखाली शिकवून नवा तज्ज्ञ तयार व्हायला मात्र वर्षे लागतात. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत नेरीसवर थांबणारे बहुशुकांचे शिक्षण पुढे नेणे, हा या राष्ट्रीय कामाचाच भाग आहे.